टोपीकरांची पारख आणि नागपूरचें राज्य

मराठ्यांचें राज्य गेलें तें इंग्रज म्हणजे कोण हें मराठ्यांस कळलेंच नाहीं म्हणून, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजांत बराच रूढ आहे. शाळेच्या पुस्तकांतून तो मुलांच्या मनावर ठसतो आणि पुढें सभा-संमेलनांतील व्याख्यानांनीं तो पक्का होतो. या समजांत एक प्रकारचें समाधानहि दडलेलें आहे. अज्ञान हा क्षम्य दोष होय. ज्याला चोर ओळखतां आला नाहीं, त्याच्या घरीं चोरी झाली तर शेजारीपाजारी हळहळतात. परंतु ज्यानें चोर ओळखला, त्याचें वर्णन आपल्या हातानें लिहून ठेवलें आणि मग तिजोरीची किल्ली त्याच्याच स्वाधीन केली, त्याच्याविषयीं काय म्हणावें? जुने कागद वाचूं लागलें म्हणजे मराठ्यांची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे असें दिसूं लागतें, आणि म्हणूनच ती अधिक कष्टदायक व अधिक बोधप्रदहि आहे.

परकीय सत्तेचा आपल्या राज्यांत होणारा शिरकाव थांबविण्यास तीन गोष्टी लागतात: पारख, मोजदाद आणि बंदोबस्त. परका कोण व त्याचा अंतस्थ हेतु काय, हें ओळखणें ही पारख. त्याचे हात आपल्या घरांत कोठवर पोंचले आहेत, कोणाची मसलत त्यास कळते, कोणाची नेमणूक तो चालवितो, याचा वेळच्यावेळीं हिशेब ठेवणें ही मोजदाद. आणि त्या हिशेबाबरहुकूम वागणें हा बंदोबस्त. पहिलीवांचून दुसरी होत नाहीं हें खरें. पण पहिली साधली म्हणजे पुढच्या दोन आपोआप साधतात, असें मात्र नाहीं.

पारखेचा विचार केला तर मराठ्यांच्या दप्तरांत तिचा एक उत्कृष्ट नमुना आहे. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनीं इ. स. १७१५ सालीं कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवें जें आज्ञापत्र लिहिलें, त्यांतील सावकारांच्या प्रकरणांत टोपीकरांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पंतांनीं थोरल्या महाराजांपासून पुढच्या पिढ्यांपर्यंत राज्याची सेवा केली होती. औरंगजेबाच्या स्वारीचा सारा काळ त्यांनीं सोसला होता. त्यांच्या म्हणण्याचा मतलब थोडक्यांत असा. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार हे वरकरणीं सावकारी करितात, पण ते इतर सावकारांसारखे नाहींत. प्रत्येकाच्या पाठीशीं त्याचा राजा आहे, त्याच्या हुकुमानें ते येतात, आणि राज्यकर्त्यास भूमीचा लोभ नाहीं असें कसें होईल? यांचें बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे, आणि एकदां हातीं लागलेली जागा हे लोक जीव गेला तरी सोडीत नाहींत. म्हणून त्यांच्याशीं व्यापारापुरताच संबंध ठेवावा. वखारीस जागा द्यावीच लागली तर समुद्रकांठीं किंवा खाडीच्या मुखाशीं देऊं नये. किनाऱ्यापासून चार-आठ कोस आंत, मोठ्या गांवाच्या दाबाखालीं, सखल ठिकाणीं द्यावी. पक्कें बांधकाम करूं देऊं नये. या अटींवर राहतील तर राहोत, न राहतील तर त्यांच्यावांचून अडत नाहीं.

हें शहाणपण पंतांस अनुभवानें आलेलें होतें. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापूरच्या वखारींतले इंग्रज तोफ घेऊन त्याच्या मदतीस गेले आणि आपलें निशाण उभारून त्यांनीं गडावर गोळे टाकले. ‘आम्ही व्यापारी, आम्हांस तुमच्या भांडणाशीं काय कर्तव्य’ असें म्हणणाऱ्यांचें खरें रूप त्या दिवशीं उघडें पडलें. दुसऱ्या वर्षीं शिवाजीमहाराजांनीं राजापूर लुटून वखारवाल्यांस कैदेंत टाकलें. पारख, मोजदाद आणि बंदोबस्त हीं तिन्ही कामें तेथें एकाच हातीं होतीं, म्हणून एका वर्षांत तीं पुरीं झालीं.

आतां दुसऱ्या बाजूस इंग्रज आपली पारख कशी करीत होते तें पाहावें. मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची पांचावर धारण बसली. त्यांनीं कॅप्टन इंचबर्डास अप्पांकडे पाठविलें आणि त्याच सुमारास कॅप्टन विल्यम गॉर्डन यास साताऱ्यास शाहूमहाराजांकडे रवाना केलें. गॉर्डनास दिलेल्या कामांत नजराणा व गोड बोलणें हें तर होतेंच; पण त्याहून महत्त्वाचें काम असें कीं, बाजीरावाचा उत्कर्ष दरबारांतील कोणाकोणास सलतो याचा त्यानें ठाव घ्यावा आणि तो मत्सर आपल्या उपयोगी कसा पडेल तें पाहावें. वाचकांनीं या दोन दृष्टींतील फरक लक्षांत घ्यावा. रामचंद्रपंतांनीं परक्याच्या तोफा व वखारी मोजल्या. गॉर्डनानें आपलीं मनें मोजलीं. तोफांवर तट बांधतां येतो. आपापसांतील मत्सरावर कोणता तट बांधावा?

आणि तो मत्सर फळास येण्यास फार दिवस लागले नाहींत. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशव्यांनीं तुळाजी आंगऱ्याचें पारिपत्य करण्यासाठीं इंग्रजांचें साह्य घेतलें आणि विजयदुर्गाखालीं मराठ्यांचें सर्वांत मोठें आरमार जळून गेलें. तुळाजी उद्दाम होता, सरकारचा हुकूम मानीत नव्हता, हें सगळें खरें. परंतु ज्या एका साधनानें टोपीकरास समुद्रावर अडवितां आलें असतें, तेंच टोपीकराच्या हातून नष्ट करविलें गेलें. आज्ञापत्र लिहून तेव्हां पुरीं पन्नास वर्षेंहि झालीं नव्हतीं.

येथवरची हकीकत पश्चिम किनाऱ्याची झाली. पण टोपीकर दोन समुद्रांवरून आले होते, आणि पूर्वेकडून आलेल्यांशीं गांठ पडली ती आमच्या नागपूरच्या भोंसल्यांची. ज्यास आज आपण गोंदिया जिल्हा म्हणतों तो १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा निघाला, तेव्हां जुन्या कागदांत हें नांव शोधूं नये. हा सारा मुलूख म्हणजे भोंसल्यांच्या राज्याचा वैनगंगेकडील झाडीचा, तळ्यांचा व धानाचा प्रदेश. नागपुराहून छत्तिसगडांत व पुढें कटकास जाण्याचा मार्ग याच बाजूनें होता. १७५१ सालीं ओरिसा भोंसल्यांकडे आला तेव्हांपासून त्यांच्या राज्याची सीमा थेट बंगाल्यास भिडली. पुण्याहून कलकत्ता दूर होता. नागपूरकरांस मात्र कलकत्तेकर हे बांधाला बांध लागलेले शेजारी होते. शेजाऱ्याची पारख करण्याची गरज आणि संधि या दोन्ही त्यांनाच अधिक होत्या.

त्या गरजेप्रमाणें भोंसल्यांनीं कलकत्त्यास आपला वकील ठेवला होता. त्याचें नांव बेनीराम पंडित. वारन हेस्टिंग्जच्या दरबारीं राहून तेथील बातमी नागपुरास कळवावी, कंपनीच्या मनांत काय आहे तें जाणावें, हें त्याचें काम. १७७८ सालीं हेस्टिंग्जनें बंगाल्याहून पलटणी काढून मध्यहिंदुस्थानांतून मुंबईकरांच्या मदतीस पाठविल्या, तेव्हां त्यांच्या वाटेंत भोंसल्यांचा मुलूख होता. मुधोजी भोंसल्यांस वळविण्यासाठीं हेस्टिंग्जनें अलेक्झांडर एलियट नांवाच्या तरुण मुत्सद्द्यास नागपुरास पाठविलें. तो वाटेंतच सारंगडाजवळ तापानें मरण पावला. तरी काम अडलें नाहीं. त्या फौजेचा सरदार गॉडर्ड यानें होशंगाबादेस नर्मदा उतरून मुधोजीशीं बोलणें लाविलें, आणि नागपूरकरांच्या हरकतीवांचून ती फौज पुढें सुरतेस जाऊन पोंचली.

पुढच्या वर्षीं याहून मोठा प्रसंग आला. वडगांवीं इंग्रजांचा मोड झाल्यावर नाना फडणिसांनीं पेशवे, निजामअली, हैदर आणि भोंसले अशा चौघांचा कट उभारला. प्रत्येकानें आपापल्या बाजूनें एकाच वेळीं इंग्रजांवर उठावें, अशी ती मसलत होती. हिंदुस्थानांतील एतद्देशीय राज्यांनीं परकीय सत्तेचा बंदोबस्त करण्याचा इतका विचारपूर्वक प्रयत्न त्यापूर्वीं झाला नव्हता आणि पुढेंहि झाला नाहीं. बंगाल्यावर चालून जाण्याचें काम भोंसल्यांकडे आलें. १७७९ च्या दसऱ्यास मुधोजीचा मुलगा खंडोजी ऊर्फ चिमणाबापू तीस हजार स्वार घेऊन निघाला, आणि कटकास पोंचला १७८० च्या मे महिन्यांत! नागपूर-कटक ही वाट सात महिन्यांची खचित नव्हती. फौज चालत होती ती पोंचण्यासाठीं नव्हे, चालतांना दिसावी म्हणून चालत होती. कटाची बातमी खुद्द मुधोजीकडूनच हेस्टिंग्जला पोंचली होती. हेस्टिंग्जनें प्रथम तीन लाख रुपये गुप्तपणें या फौजेकडे पाठविले. १७८१ च्या करारानें त्याहून मोठी रक्कम दिली. त्याच वर्षीं कर्नल पीअर्सची फौज बंगाल्याहून ओरिसाच्या किनाऱ्यानें मद्रासेस हैदरावर चालून गेली, आणि कटकास बसलेल्या तीस हजारांनीं तिला वाट दिली.

मुधोजीस केवळ लोभी म्हणून निकालांत काढणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. फौजेचा पगार थकला होता आणि तो चुकविण्यास पैसा नव्हता. शिवाय १७७२ त जानोजी वारल्यावर मुधोजी आणि साबाजी या भावांत जी वारसाची भांडणें झालीं, त्यांत पुण्याच्या पक्षोपपक्षांनीं हात घातला होता. १७७५ त पांचगांवच्या लढाईंत साबाजी पडला तेव्हां कोठें तो तंटा मिटला. ज्या पुण्यानें आपलें घर दुभंगण्यास हातभार लावला त्या पुण्यासाठीं कलकत्त्याशीं हाडवैर कां करावें, असें मुधोजीच्या मनांत आलें असल्यास तें मनुष्यस्वभावास धरून होतें. आणि नेमकी हीच गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीं साताऱ्यास गॉर्डन शोधीत होता!

बेनीरामाची पुढील गोष्ट तर याहूनहि विलक्षण आहे. १७८१ च्या ऑगस्टांत काशीस चेतसिंगाचा दंगा होऊन हेस्टिंग्जचा जीव धोक्यांत आला, जवळचा पैसा संपला. तेव्हां बेनीराम व त्याचा भाऊ विशंभर पंडित या दोघांनीं आपण होऊन एक लाख रुपये रोख त्याच्यापुढें ठेवण्याची तयारी दाखविली. हेस्टिंग्जनें ही निष्ठा कौतुकानें नमूद केली आणि पुढें बेनीरामास जहागीरहि मिळाली. व्यक्ति म्हणून पाहिलें तर बेनीराम कृतज्ञ आणि धैर्यवान मनुष्य होता. परंतु ज्याला परक्यावर डोळा ठेवण्यासाठीं पाठविलें, तो परक्याचा सोबती झाला, आणि तो तसा झाला आहे याची नोंद घेणारें दुसरें माणूस नागपूरच्या दरबारीं नव्हतें. मोजदाद ठेवणाऱ्याचीच मोजदाद कोणी ठेवीत नव्हतें.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या काळांत एक मराठी वकील खुद्द लंडनास जाऊन आला. त्याचें नांव हणमंतराव. पार्लमेंट, कंपनीचे डायरेक्टर, त्यांचीं आपापसांतील भांडणें हें सर्व जवळून पाहण्याची संधि त्याला १७८१ त मिळाली. प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क यानें त्याच्या सोवळ्याओवळ्याची सोय व्हावी म्हणून आपल्या बागेंतील कांचेचें घर मोकळें करून दिलें. परंतु हा वकील राज्याचा नव्हता, राघोबादादांचा होता! इंग्रजांच्या साह्यानें गादी मिळावी म्हणून तो गेला होता. जें ज्ञान नानांस हजारों मोहरा मोजूनहि मिळालें नसतें, तें अशा मनुष्याच्या पदरीं पडलें कीं त्याचा राज्यास कांहींच उपयोग नव्हता. आणि परत आल्यावर समाजानें त्याला विचारलें तें प्रायश्चित्ताविषयीं.

मुधोजीचा मुलगा दुसरा रघोजी याची पारख मात्र चुकली नव्हती. टिपू १७९९ त पडल्यावर वेलस्लीनें नागपुरास जो वकील पाठविला तो कोलब्रूक, संस्कृत विद्येचा गाढा व्यासंगी. दोन वर्षें राहून त्यानें तैनाती फौजेचें बोलणें केलें. रघोजीनें तें घेतलें नाहीं. तैनाती फौज म्हणजे पगार आपला आणि हुकूम दुसऱ्याचा, हें तो ओळखून होता. पण एकट्याच्या ओळखण्यानें काय होणार? १८०३ त शिंदे आणि भोंसले एकत्र लढले, होळकर बाजूस राहून पाहत बसला. २९ नोव्हेंबरास अडगांव, १५ डिसेंबरास गाविलगड, आणि १७ डिसेंबरास देवगांवचा तह. कटक गेलें, बालासोर गेलें, वर्धेपलीकडील वऱ्हाड गेलें.

मुलूख गेला हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. पण त्या तहांत आणखी एक कलम होतें, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तें सर्वांत अर्थपूर्ण आहे. इंग्रजांशीं ज्यांचें युद्ध चालू असेल अशा फ्रेंच वा अन्य युरोपीय, अमेरिकन राष्ट्राच्या मनुष्यास भोंसल्यांनीं चाकरीस ठेवूं नये, असा तो करार होता. म्हणजे नागपूरच्या राज्यांत परका कोण, धोकेबाज कोण, हें ठरविण्याचा अधिकारच कलकत्त्याकडे गेला. त्याबरोबरच दरबारीं रेसिडेंट आला. १८०४ त आलेला एल्फिन्स्टन आणि त्याच्यामागून जेंकिन्स, हे दोघेहि अभ्यासू, भाषा जाणणारे, बातमीच्या कामांत निष्णात. दरबारांतील कांहीं मुत्सद्द्यांस कंपनीकडून नेमणुका सुरू झाल्या. पूर्वीं नागपूरचा वकील कलकत्त्यास बसून तेथील झाला होता. आतां कलकत्त्याचा वकील नागपुरास बसला, आणि तो मात्र कलकत्त्याचाच राहिला.

रघोजी २२ मार्च १८१६ रोजीं वारला. मुलगा परसोजी दुबळा. कारभाराच्या चढाओढींत अप्पासाहेबानें आपला पक्ष बळकट व्हावा म्हणून दोनच महिन्यांत, २७ मे १८१६ रोजीं, जेंकिन्सशीं तैनाती फौजेचा तह केला. वर्षास साडेसात लाख द्यावयाचे ठरलें. बापानें व चुलत्यानें जें तेरा-सतरा वर्षें दूर ठेवलें, तें पुतण्यानें घरांतल्या माणसांच्या भीतीनें आंत घेतलें. पुढच्या वर्षीं त्याचे डोळे उघडले. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. इंग्रजांकडे दीड हजारांच्या आंत लोक होते, नागपूरकरांकडे त्याच्या कितीतरी पट; पण जेंकिन्स बेसावध नव्हता आणि अप्पासाहेबाचा दरबार एकमताचा नव्हता.

या सर्व प्रकारांत आमच्या मुलखाचा भाग शेवटीं येतो. कैद करून अलाहाबादेकडे नेत असतां १३ मे १८१८ रोजीं अप्पासाहेब जबलपुराजवळून निसटला व महादेवाच्या डोंगरांत शिरला. त्याच सालीं कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील यानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. हें कामठें म्हणजे गोंदियाजवळचें. नागपूरजवळची छावणी कामठी ती निराळी. कॅप्टन गॉर्डन चालून आला, कामठें पडलें, चिमणा पाटील हरला आणि ती जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. १७३९ त साताऱ्यास गेलेला गॉर्डन आणि १८१८ त कामठ्यास आलेला गॉर्डन यांचें आडनांव एक असणें हा योगायोग खरा. पण पहिल्यानें हातीं घेतलेलें काम दुसऱ्याच्या दिवशीं पुरें झालें, हें मात्र म्हणतां येईल. कामठ्याच्या पाटलानें चौघांचा कट पाहिला नव्हता, देवगांवचें कलम वाचलें नव्हतें, तैनातीच्या रकमेंतून त्याला दमडी मिळाली नव्हती. चाळीस वर्षें दरबारांनीं जी मोजदाद टाळली, तिचा हिशेब वैनगंगेच्या झाडींतल्या लोकांनीं चुकता केला.

त्यानंतर अल्पवयी तिसऱ्या रघोजीच्या नांवें कारभार जेंकिन्स पाहूं लागला. १८२७ त त्याचा नागपूर राज्याविषयींचा मोठा अहवाल छापून निघाला. त्यांत नद्या आहेत, जमिनीचे प्रकार आहेत, पिकें, जाती, वसुलाची रीत, व्यापार, सर्व कांहीं आहे. वैनगंगेचा हा प्रांतहि आहे. नागपूरच्या राज्याविषयीं इतकी माहिती स्वतः नागपूरच्या एकाहि राजानें एके ठिकाणीं गोळा केली नव्हती. जेंकिन्स बदलला, निघून गेला. अहवाल राहिला, आणि पुढच्या प्रत्येक अधिकाऱ्यास तो वारशानें मिळाला. १८५३ त तिसरा रघोजी निपुत्रिक वारला आणि १८५४ त राज्य खालसा झालें.

येथें आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म आहे. मराठ्यांकडे शहाणीं माणसें नव्हतीं असें नाहीं. रामचंद्रपंत, नाना, दुसरा रघोजी यांची पारख कोणत्याहि इंग्रज मुत्सद्द्याच्या तोडीची होती. पण तें ज्ञान त्या त्या माणसाचें राहिलें; राज्याचें झालें नाहीं. पंतांचें शहाणपण कोल्हापुरास, नानांच्या बातम्या नानांपाशीं, हणमंतरावाचा अनुभव राघोबाकडे, बेनीरामाची माहिती अखेर हेस्टिंग्जकडे. इंग्रजांचा माणूस मेला तरी त्याचें टिपण मरत नसे. आमचें टिपण कित्येकदां माणसाच्या आधींच मरे. आज्ञापत्रच घ्या. तें छापून लोकांसमोर आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ज्या टोपीकरांपासून सावध राहण्यास त्यांत सांगितलें होतें त्यांच्याच अमलांत.

आज जगांतील अनेक राज्यें परकीय प्रभावाची मोजदाद करण्याच्या खटपटींत आहेत. अमेरिकेनें १९३८ त परक्यांच्या हस्तकांची नोंद ठेवण्याचा कायदा केला. ऑस्ट्रेलियानें २०१८ त तशाच हेतूनें नवी नोंदणी सुरू केली. आपल्या देशांत परदेशी देणग्यांविषयींचा कायदा १९७६ त झाला व २०१० त नव्यानें झाला. हे उपाय आवश्यक असतील. परंतु अशा उपायांबरोबर एक मोह नेहमीं येतो, तो म्हणजे ज्याच्याशीं आपलें पटत नाहीं तो परक्याचा हस्तक, असें ठरवून मोकळें होण्याचा. नागपूरच्या इतिहासाची साक्ष याच्या अगदीं उलट आहे. पुणें नागपुरास संशयानें पाही, नागपूर पुण्यास. भाऊ भावास संशयानें पाही, पुतण्या कारभाऱ्यांस. संशयाची त्या दरबारांत कधींच वाण नव्हती. वाण होती ती नोंदीची, आणि ज्यांच्यावर नोंद ठेवावयाची त्यांच्याविरुद्ध एकत्र उभें राहण्यापुरत्या विश्वासाची. आपल्याच माणसांविषयींचा संशय जेथें जितका अधिक, तेथें परक्यास तितकी वाट अधिक रुंद मिळाली. घरच्या माणसांस जवळ ठेवणें हाहि बंदोबस्ताचाच एक भाग आहे. किंबहुना पहिला भाग तोच आहे.